लुगड्याच्या मापाची आलमारी

झोपायला वेगळी खोली लागते, हे आमच्या तांड्याला माझ्या भावानं शिकवलं. त्याआधी आम्ही झोपत नव्हतो असं नाही. अंगणात, ओट्यावर, चुलीपाशी, जिथं पाठ टेकेल तिथं चांगले घोरत होतो. पण भिया यवतमाळला बोर्डिंगात राहून शिकून आला, शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर झाला, आणि त्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक, माणसाला झोपायची खोली हवी. दुसरी, त्या खोलीत भिंतीच्या आत आलमारी हवी.

भिया म्हणजे भाऊ, याडी म्हणजे आई आणि बापू म्हणजे वडील. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, बाहेरच्यांशी वऱ्हाडी. इथं मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते आहे, नाही तर वाचणारा दोन ओळींत उठून जायचा. याडीला मात्र मी आई म्हणणार नाही. मला ते जमत नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. फुलसावंगीहून सकाळी बैलगाडीनं निघालं तर ऊन तापायच्या आत पोचता येईल, एवढ्या अंतरावर आमचा तांडा. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. पाय सुजलेले, कामाला कुणी हात लावू देत नव्हतं. त्यामुळे बसल्या जागेवरून सगळं पाहायला आणि त्यावर बोलायला मला वेळच वेळ होता. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

आलमारी भियानं पाहिली ती यवतमाळला, त्याच्या एका शिक्षकांच्या घरी. "त्यांनी भिंत उघडली," तो सांगायचा, "अन् आत कपडे!" हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की बापू त्याला येता-जाता विचारायचा, "काय मास्तर, आज कोणती भिंत उघडली?"

आमच्याकडे कपडे दोरीवर असायचे, नाही तर गोणीत. ही गोणी म्हणजे बाजारात मिळतं ते तागाचं पोतं नव्हे. आजोबांच्या काळी तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. त्या बैलांच्या पाठीवरच्या या गोण्या, जाड विणीच्या, कडेला रंगीत टाके, कोपऱ्यांना कवड्या. पुढे रेल्वे आली, सडका झाल्या, लादणं संपलं आणि बैल नांगराला जुंपले गेले. गोण्या राहिल्या. घराच्या मागच्या भिंतीशी त्यांची थप्पी रचलेली असायची, वर भरतकामाची चादर. ज्वारी एकीत, बियाणं दुसरीत, आणि सगळ्यात वरची गोणी याडीची. तिला कुणी हात लावायचा नाही. बापूसुद्धा लावत नसे. पाहुणा आला की त्या थप्पीला पाठ टेकून बसायचा आणि तांड्यात त्यालाच मान समजत.

तांडा एका जागी बसून जमाना झाला होता, तरी याडीचा हिशेब जुनाच होता. वस्तू घरात आणायची ती उचलता येईल अशीच.

"भिंतीत ठेवलेलं उचलता येत नाही," ती म्हणायची. "उद्या कोणी निघा म्हटलं तं भिंत काय पाठीवर घेता?"

"कोण म्हणते निघा?" भिया चिडायचा.

"कोणी नाही म्हणत. पण म्हटलं तं?"

यावर मास्तर कंदिलाची काच पुसत बसायचा.

त्या साली कपाशी चांगली साधली. एका लाकडाच्या ठेकेदाराचा माल गाडीनं ओढून ओढून बापूनं घरापुरता सागही जमवला होता. तांड्याच्या कडेला विटांचं घर बांधायचं ठरलं. पुढे बसायची खोली, मागे चूल, आणि मध्ये झोपायच्या दोन खोल्या. एक याडी-बापूची, एक भियाची. भियाचं लग्न व्हायचं होतं, पण खोली आधी. दोन्ही खोल्यांत भिंतीतली आलमारी.

भियानं नकाशा कागदावर काढला नाही. शाळेतला खडू खिशात घालून आणला आणि जुन्या घराच्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर आलमाऱ्या काढल्या, पुऱ्या उंचीच्या. दोन पल्ले, मध्ये कडी, आत फळ्या. कडीला कुलूपही काढलं. रोज शाळेतून आला की हातपाय न धुता तो भिंतीपुढे उभा राहायचा. एक फळी पुसायचा, चार बोटं वर काढायचा, मागे सरून डोळा बारीक करायचा, पुन्हा पुसायचा. बापू चिलीम ओढत मागून पाहायचा.

"मास्तर, यात बैल कुठं बांधाचा?"

भियाच्या स्वतःच्या आलमारीत कोट टांगायची दांडी होती. कोट एकच, दांडी तीन हात लांब. मी म्हटलं, "एका कोटाले एवढी दांडी कायले? त्यात माह्या लेकराची झोळी टांगू." तो म्हणाला, बाकीचे कोट येतील. माझ्या भावाचा स्वभाव असा होता. आधी दांडी, मग कोट.

प्रत्येक कप्प्यात त्यानं काय राहणार ते लिहूनही ठेवलं होतं. याडीला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, भियानंच शिकवलं होतं. एका दुपारी ती भिंत सारवायला आली आणि शेणानं भरलेला हात वर धरून थांबली.

"हे पुसू का नको? काय लिहिलं ते तं सांग."

मी बोट ठेवून वाचत गेले. बापूची धोतरं. पांघरुणं. याडीची लुगडी.

"कोणाची?"

"तुही. याडीची लुगडी."

याडीनं खाली स्वतःकडे पाहिलं. अंगावर लाल घेराचा फेटिया, आमच्या बायका घालतात तो घागरा. त्याच्या काठाला वीतभर रुंद भरतकाम, त्यात आरसे बसवलेले. अंगात कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या. असा एक फेटिया व्हायला किती उन्हाळ्यांच्या दुपारी जातात ते ज्या बाईनं केलाय तिलाच ठाऊक. त्याची घडी घालत नाहीत, आरसे फुटतात. गुंडाळी करून गोणीत उभी ठेवतात. याडीचे असे तीन होते आणि तिन्ही तिच्या हातचे.

"माह्याजवळ लुगडं कुठं आहे?" ती म्हणाली.

मग तिनं भिंत सारवली. आलमारी तेवढी सोडली, अगदी खडूच्या रेघेच्या कडेकडेनं हात फिरवला. मला वाटलं होतं ती पुसून टाकेल. पुसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडण तरी झालं असतं.

संध्याकाळी मीच भियावर उखडले. तो उठून बाहेर निघून गेला. मग बापूनं मला सांगितलं, हे लुगडं त्याच्या डोक्यात कुठून आलं ते.

मी सासरी असताना याडी, बापू आणि भिया तालुक्याकडच्या एका बाजाराला गेले होते. तिथं कापडवाल्याचा एक खण दिसेना. त्यानं ओरडा केला. बाजारात शंभर बायका असतील, पण पोलीस शिपायानं बोट दाखवलं ते याडीकडे, कारण फेटियावाली ती एकटी. तिला भर बाजारात झोळी रिकामी करायला लावली. याडीनं एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवली. मिठाची पुडी, सुया, आरशांच्या टिकल्या, अर्धी भाकर. बघे गोळा झाले. भिया धावत आला आणि म्हणाला की मी शाळेत मास्तर आहे आणि ही माझी आई आहे. तेवढ्यात खण कापडवाल्याच्याच मांडीखाली सापडला. कापडवाला हसला, बघेही हसले. शिपाई वाईट माणूस नव्हता म्हणे. जाता जाता भियाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, आईले लुगडं नेसवत जा. मंग आमची अशी गडबड नाही होत."

याडीनं खाली वाकून वस्तू परत भरल्या. भियानं मदतीला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, तुह्या धोतराले माती लागीन."

हे ऐकल्यावर मला भियाचा राग करता येईना. त्याला याडीची लाज वाटत होती असं मला वाटलं होतं. लाज नव्हती, भीती होती. पुन्हा कुणी तिला वाकायला लावेल याची. आणि याडीचाही राग करता येईना. बापू चिलीम झाडत म्हणाला, "दोघंही बरोबर आहेत, म्हणून तं पंचाईत आहे."

पुढच्या पगाराला भियानं पुसदहून लुगडं आणलं. हिरवं, लाल काठाचं, चांगल्या सुताचं. याडीनं ते हातात घेतलं, काठ उलटून टाके पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं आहे." मग आपल्या गोणीच्या तळाशी नेऊन ठेवलं. भियाचा चेहरा फुलला. जेवायला बसलो तेव्हा भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "घर बांधा. मी नको म्हणत नाही. पण मी इथंच राहीन. तुम्ही जा."

"काहून?" भियाचा घास हातात राहिला.

"तुह्या आलमारीत माही जागा नाही."

"अवं, एवढी मोठी आलमारी आहे, याडी!"

"मोठी आहे. पण ते दुसऱ्या बाईची आहे."

आवाज चढवला नव्हता तिनं. चढवला असता तर समजूत काढता आली असती. बाळंतपण जवळ येत चाललेलं, आणि माझी याडी एका घरात, बाकी माणसं दुसऱ्या घरात, हे चित्र मला पाहवेना. भियाला मात्र वाटलं की घर उभं राहिलं, आलमारी डोळ्यांनी पाहिली, की तिचं मन वळेल. आमच्यात एक म्हण आहे, बैल नदीपाशी गेला की पाणी पितोच. याडी बैल नव्हती, हे तो विसरला.

भिंती चढल्या. गवंड्यानं दोन्ही खोल्यांत आलमारीची पोकळी सोडली, माणूस उभा राहील एवढी उंच. मग फुलसावंगीहून सुतार आला. तोंडात तंबाखू, कानावर पेन्सिल, आणि सगळ्यांवर कुरकुर. लाकूड ओलं आहे म्हणे, गवंडी आंधळा आहे म्हणे, चहात साखर नाही म्हणे. त्यानं भियाला विचारलं, "फळी किती खोल अन् दोन फळ्यांत अंतर किती?"

"घडी केलेलं लुगडं मावलं पाह्यजे," भिया म्हणाला.

"मंग आणा लुगडं."

इथं सगळं अडलं. घरात लुगडं होतं, पण ते याडीच्या गोणीच्या तळाशी, आणि त्या गोणीला हात लावायची छाती कुणाची? भियाची तर नव्हतीच. दुसऱ्या दिवशी तो शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांच्या बायकोचं एक लुगडं मागून घेऊन आला. त्या बाईनं बिचारीनं नवंच दिलं होतं, कडक घडीचं. सुतारानं ते फळीवर ठेवलं, चारी बाजूंनी पेन्सिल फिरवली, आणि तंबाखू थुंकून म्हणाला, "मास्तर, जिंदगीत पयल्यांदा पाह्यलं. आलमारी घरच्या बाईची अन् माप शेजारणीचं!"

बापू हसला. हसता हसता त्याला याडीचं बोलणं आठवलं असावं, कारण मध्येच थांबून तो गाडीचं चाक पाहायला निघून गेला. मी तिथंच विटांवर बसले होते. मला भियाला सांगायचं होतं, की अरे मास्तरा, अंगावर नाहीत त्या कपड्यांची आलमारी बांधतो आहेस, अंगावर आहेत त्यांचं काय? पण त्याच्याकडे पाहिलं आणि बोलवेना. इतक्या मायेनं तो ती घडी उलगडू न देता परत नेत होता, दोन्ही हातांवर. नेत होता शेजारणीचं लुगडं, पण मनात याडीच होती.

आलमारी मात्र सुरेख झाली, खोटं कशाला बोलू? सागाची चौकट, दोन पल्ले, पितळी कडी. फळ्या सरळ, एकीवर एक, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. तेल लावल्यावर खोलीभर वास सुटला. तांड्यातल्या बाया पाहायला आल्या. पल्ला उघडायच्या, झाकायच्या, पुन्हा उघडायच्या. एक म्हातारी आत डोकं घालून म्हणाली, "अन् याच्या मागं काय आहे?" मागे भिंतच आहे म्हटल्यावर तिचा हिरमोड झाला.

घरभरणीचा दिवस आला. आमच्यात नव्या घरात आधी गोणी जाते, मग माणूस. घरच्या बाईनं आपली गोणी डोक्यावर घेऊन आत जायचं, तिच्या जागी ठेवायची, मग चूल पेटते, तूप-गुळाचा भोग लागतो आणि लापशी शिजते. त्याआधी घरात कुणी पाणीसुद्धा पीत नाही. आता याडी म्हणाली होती की मी राहणार नाही. पण चूल तिच्याशिवाय पेटणार नव्हती, आणि भोग चुकवणारी ती नव्हती. सकाळी तिनं तिन्हींतला सगळ्यात चांगला फेटिया घातला, गोणी डोक्यावर घेतली आणि निघाली. तांडा मागे. चालताना तिच्या काठाचे आरसे उन्हात लखलखत होते. मी पोट सांभाळत मागून चालले होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं.

ती सरळ झोपायच्या खोलीत गेली. भियानं पुढे होऊन दोन्ही पल्ले उघडले. याडीनं गोणी डोक्यावरून उतरवून फळीवर टेकवली. गोणी आत जाईना. आडवी धरली, जाईना. तिरकी करून पाहिली, वरची फळी आडवी आली. सगळे बघत होते. भिया घाईघाईनं म्हणाला, "याडी, गोणी नाही ठेवाची यात. गोणीतलं काढून फळ्यायवर ठेवाचं. मी ठेवून देतो."

याडीनं गोणी खाली उंबऱ्याशी ठेवली आणि तिच्यावरच बसली. बाहेर बाया लापशीचं पाणी घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

"त्या दिवशी बाजारात झोळी रिकामी केली," याडी म्हणाली. "त्यानं सांगतलं, मी केली. तो परका होता. आज तू चार लोकायपुढे गोणी रिकामी कराले लावून राह्यला. सांग बाप्पा, काय हारपलं तुहं?"

भियाला मी लहानपणापासून पाहत आले. शाळेत मार खाल्ला तरी न रडणारा. त्यानं भिंतीला हात टेकवला, खाली मान घातली, आणि मोठ्यांदा, सगळ्यांसमोर रडला. "तुले कोणी काही म्हणू नये म्हणून केलं वं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. याडी उठली नाही. पण तिनं हात लांबवून त्याच्या धोतराचा सोगा धरला, लहान पोराचा धरतात तसा.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तं भांडली नाही."

बापूनं तेव्हा एक शहाणपणाचं काम केलं. आयुष्यात त्यानं फार केली नाहीत, त्यामुळे हे लक्षात राहिलं. तो बाहेर गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. भियानं डोळे पुसले, कुऱ्हाड त्याच्या हातातून घेतली आणि तिच्या मागच्या बाजूनं खालून ठोके देऊन फळी उचकटली. एक निघाली, दुसरी निघाली. सुतार लापशी खायला आलेला होता. तो दारातून ओरडत होता, "अबे, एवढी घोटून घोटून बसवली होती! निदान हळू तं मार!" सगळ्यात वरची फळी तेवढी राहिली. आतली पोकळी मोकळी झाली. याडीनं गोणी उचलली आणि आत उभी केली. बसली. कोपऱ्यातल्या कवड्या बाहेर राहिल्या आणि पल्ला लागेना. भिया पल्ला दाबू लागला तशी ती म्हणाली, "राहू दे उघडं. आत काही चोरीचं नाही."

मग तिनं गोणीच्या तळात हात घातला, हिरवं लुगडं काढलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. फळीच्या मापात ते अगदी बरोबर बसलं. "हे बी राहीन," ती भियाला म्हणाली. "तू आणलं आहे." चूल पेटली. लापशीला उशीर झाला आणि बुडाला थोडी लागलीही, पण कुणी नाव ठेवलं नाही. त्या दिवसापासून याडी नव्या घरात राहिली. उचकटलेल्या फळ्या भियाच्या खोलीत गेल्या, त्यांवर त्याची पुस्तकं बसली. कोटाच्या दांडीवर कोट शेवटपर्यंत एकच होता.

महिन्याच्या आत मी बाळंत झाले. मुलगी झाली, त्याच खोलीत, त्या उघड्या आलमारीसमोर. लेकराला झोळी बांधायची वेळ आली तेव्हा याडीनं इकडेतिकडे पाहिलं, वरच्या फळीवरचं लुगडं काढलं आणि आढ्याच्या दोरांना बांधलं. नवं कोरं सूत थोडं टोचतं म्हणून आधी दोनदा धुतलं. भिया शाळेतून आला, हिरवी झोळी पाहिली, आणि तिला एक झोका दिला. मला वाटलं त्याला वाईट वाटेल. तो झोपलेल्या भाचीकडे पाहून म्हणाला, "माप बरोबर आलं."

सव्वा महिना झाला तशी मी बाहेर पडले, आणि आम्ही बाजाराला गेलो. तोच बाजार. भियानं शाळेतून सुट्टी घेतली होती आणि भर उन्हात कोट घातला होता. तांड्यातून निघताना त्यानं याडीच्या खांद्यावरची झोळी काढून आपल्या खांद्यावर घेतली. आरशांची, गोंड्यांची झोळी, काळ्या कोटावर. याडी म्हणाली, "लोक हासतीन." तो म्हणाला, "हासू दे."

लोक हसलेही. शाळेतली दोन पोट्टी भेटली, ती मास्तरांना पाहून झाडामागे गेली. भिया ताठ चालत होता. कापडाच्या रांगेपाशी तो शिपाई उभा होता. मी त्याला ओळखत नव्हते, पण भियाचं पाऊल अडखळलं त्यावरून समजले. शिपायानंही ओळखलं.

"काय मास्तर," तो हसून म्हणाला, "आईले लुगडं नाही घेतलं का अजून?"

"घेतलं होतं," भिया म्हणाला. "आलमारीत ठेवलं होतं. पाळणा केला."

शिपायाला काही उमगलं नाही. भियानं खांद्यावरची झोळी काढली, तिचं तोंड दोन्ही हातांनी ताणून उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. "पाहाची आहे?" तो म्हणाला. आजूबाजूची माणसं थांबली. शिपाई मागे सरकला. "अबे मास्तर, मी काही म्हटलं का? जा, जा."

"थांब," याडी म्हणाली. ती दोघांच्या मध्ये आली. काठाचे आरसे उन्हात चमकत होते. मुलगी झाली म्हणून वाटायला तिनं झोळीत गूळ घेतला होता, येताना भेटेल त्याला ती एक खडा देत आली होती. ती शिपायाला म्हणाली, "त्या दिवशी मी एकेक काढून दाखवलं, बाबू. आज तू हात घाल. मले नात झाली आहे. तुह्या हातानं काढून घे."

शिपायानं भियाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लेकराकडे. त्यानं हात खाकी चड्डीला पुसला, झोळीत घातला, आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मग गुळाचा एक खडा काढून तोंडात टाकला. खाताना त्याची मान खाली होती.

भियानं झोळी पुन्हा खांद्यावर घेतली आणि आम्ही मीठ घ्यायला पुढे गेलो.